गाठीचा तुकडा आणि सहीचा कागद

मानेवर गाठ आली की झाशीकडच्या गरौठ्यात पहिलं नाव निघतं ते टीबीचं. बुंदेलखंडात टीबी इतका आहे की ते नाव निघणं मुळीच चूक नाही. चूक होते ती पुढे. माझ्या आत्याच्या शेजारच्या तरुण मुलाला गाठीचा तुकडा न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप थोडा उतरला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मग काखेतही गाठी दिसू लागल्या, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम येऊ लागला, वजन घटत गेलं. झाशीला सुई टाकून तपासणी झाली, तिच्यातून नक्की काहीच निघालं नाही. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली आणि लिम्फोमा हा कॅन्सर निघाला. मधले महिने हातचे गेले ते गेलेच.

सुईने सुट्या पेशी हाती येतात. लिम्फोमा ओळखायला मात्र गाठीची आतली रचना पाहावी लागते, आणि पेशींवरच्या खुणा तपासाव्या लागतात. या दुसऱ्या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. दवाखान्यात सगळे नुसतं 'आयएचसी' म्हणतात. तिच्यावरच पुढचं सगळं ठरतं. हॉजकिन लिम्फोमा असेल तर औषधं वेगळी. बी-पेशींचा असेल आणि पेशीवर सीडी-२० ही खूण असेल, तर रिटुक्सिमॅब देता येतं. या औषधाचं मोल नीट कळलं ते फ्रान्समधल्या एका अभ्यासातून. साठी ओलांडलेल्या ३९९ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीची केमोथेरपी दिली, निम्म्यांना तिच्या जोडीला रिटुक्सिमॅब. २००२ साली निकाल छापून आला: नुसत्या केमोने ६३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण ओसरला, जोडीने दिल्यावर ७६ टक्क्यांचा. त्यानंतर जगभर उपचार बदलले. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं, तेव्हा कुठे ते आपल्याकडच्या आणखी घरांच्या आवाक्यात येऊ लागलं. गाठीचा नीट तुकडा हाती नसेल, तर यातलं काहीच त्या मुलापर्यंत पोचत नाही.

आत्याच्या छातीत गाठ लागली तेव्हा हा अनुभव ताजा होता. तिचं घर गरौठ्यातलं, सासरची मुळं गुरसरायच्या मराठी जहागिरीतली. घरात मराठी, दारात बुंदेली आणि कागदोपत्री हिंदी. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या आतेबहिणीने, पहिल्या दिवसापासून सूत्रं हातात घेतली. तिने काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण ते कुणालाही करता येईल.

बायोप्सीच्या वेळी ती तुकड्याच्या बाटलीवर नजर ठेवून होती. तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. घाईत तो सलाइनमध्ये ठेवला तर पेशी सडतात आणि पुढच्या तपासण्या भरवशाच्या राहत नाहीत. बाटलीवर नाव, तारीख, कुठल्या बाजूचा तुकडा, हे तिने वाचून घेतलं. रिपोर्ट आल्यावर नुसता कागद घेऊन ती परतली नाही. तिने ब्लॉक आणि स्लाइडही मागून घेतल्या. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी चौकोनी वडी, तिच्या पोटात तो तुकडा बसवलेला असतो. दुसऱ्या रुग्णालयाला फेरतपासणी करायची तर हीच वडी लागते. झाशीकडचा मे महिना माहीत असलेल्याला सांगायला नको, पण बंद गाडीच्या काचेमागे ती ठेवली तर मेण मऊ पडतं. बहिणीने ती कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा प्रवासभर मांडीवर घेऊन बसली. स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर आणि हर-टू या तीन तपासण्यांचे निकाल आल्याशिवाय औषधांची बोलणी सुरूच होऊ नयेत, हेही तिने पक्कं ध्यानात ठेवलं होतं.

ऑपरेशन एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ठरलं. आदल्या रात्री दिवे मंद झाल्यावर एक तरुण डॉक्टर काही पानं घेऊन आले. इथे सही करा, एक अभ्यास चालू आहे, सगळेच करतात. पानं इंग्रजी होती. आत्या हिंदी वाचते, आतोबांना तेही जड जातं. बहिणीने पानं परत केली नाहीत आणि सहीही करू दिली नाही. "हिंदीतला कागद द्या आणि सकाळी मोठ्या डॉक्टरांना भेटवा," एवढंच म्हणाली.

सकाळी हिंदी पत्रक आलं. विभागाचे डॉक्टर आत्याजवळ स्टूल ओढून बसले आणि समजावून सांगू लागले. दोन उपचारांपैकी कुठला द्यायचा हे संगणक ठरवणार, चिठ्ठी टाकल्यासारखं; डॉक्टरांच्याही हातात ते नसतं. जादा तपासण्यांसाठी दर काही आठवड्यांनी यावं लागणार. गरौठ्याहून ते जमणारं नव्हतं. आत्याने शांतपणे नाही म्हटलं. ठरलेल्या वेळी तिचं ऑपरेशन झालं, नेहमीचे उपचार मिळाले, कुणी तोंड वाकडं केलं नाही.

कायदाही हेच सांगतो. २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम रुग्णाच्या बाजूने बरेच स्पष्ट आहेत. माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदाराच्या समोर समजावून सांगायला हवं. पत्रकाची आणि सही केलेल्या संमतीची प्रत रुग्णाला द्यायला हवी. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च अभ्यास करणाऱ्यांनी सोसायचा, भरपाईचीही तरतूद आहे. मध्येच बाहेर पडायचं असेल तर कारण द्यावं लागत नाही. हे नियम सहजासहजी आलेले नाहीत. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरमधल्या औषधचाचण्यांवरून मोठं वादळ उठलं, तिथलाच स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेतानाचं दृकश्राव्य चित्रण करण्यावर भर दिला. देशातल्या प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं २००९ पासून सक्तीचं आहे. कागद समोर आला की तिथला नोंदणी क्रमांक विचारावा. चांगले संशोधक तो विचारण्याआधीच दाखवतात.

पण हे वाचून कुणी अशा अभ्यासांकडे पाठच फिरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. 'आमच्यावर प्रयोग करतात' ही भीती गावोगाव आहे. प्रयोग न करता केलेला उपचार किती महागात पडतो, याचं सर्वांत कठोर उदाहरण लिम्फोमा आणि स्तनाचा कॅन्सर याच दोन आजारांच्या इतिहासात आहे.

लिम्फोमा उलटल्यावर जबरदस्त केमो देऊन रुग्णाच्याच मूळपेशी परत चढवल्या तर फायदा होतो, हे १९९५ च्या पार्मा अभ्यासाने दाखवलं. पाच वर्षांनी आजाराविना असणारे ४६ टक्के, नुसती केमो घेतलेल्यांत १२. मग हेच स्तनाच्या कॅन्सरलाही लागू पडेल असं अनेकांनी गृहीत धरलं. अमेरिकेत हजारो बायकांनी तो भयंकर उपचार घेतला, विमा कंपन्यांशी कोर्टात भांडून घेतला. सगळ्यांनाच तो हवा असल्यामुळे तुलनेच्या अभ्यासांना रुग्णच मिळेनात. १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा जवळजवळ सगळ्यांत विशेष फायदा दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेतले डॉ. वर्नर बेझवोडा एकटे मोठा फायदा सांगत होते. पुढच्या वर्षी तपासनीस जोहान्सबर्गला गेले, तेव्हा बहुतेक रुग्णांच्या नोंदी सापडल्या नाहीत आणि सही केलेली संमतीपत्रंही नव्हती. बेझवोडांनी गैरप्रकार कबूल केला. संमतीच्या कागदावरची सही केवळ कार्यालयीन बाब असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी जोहान्सबर्गची ही हकीकत जरूर वाचावी.

उलट बाजूला आपल्या परळचं टाटा रुग्णालय. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये तिथल्या प्रशिक्षित बायका घरोघरच्या स्त्रियांची हाताने स्तनतपासणी करत होत्या. १,५१,५३८ स्त्रियांचा हा अभ्यास वीस वर्षं चालला. २०२१ मधला निकाल असा की पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडलं. गरौठ्यासारख्या, मॅमोग्राफी दूर असलेल्या तालुक्याला या अभ्यासाइतकं उपयोगी दुसरं काही मला तरी दिसत नाही. आशाताईंना हे हाताने तपासणं नीट शिकवलं, तर कुठल्याही मशीनवाचून काम सुरू होईल.

दुसरा अभ्यासही टाटाचाच, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा. ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं. लिडोकेन म्हणजे दात काढताना वापरतात तेच भूल देणारं औषध, अगदी स्वस्त. भारतातल्या ११ केंद्रांवर सुमारे १,६०० बायका त्यात सहभागी झाल्या. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण टोचलेल्यांत ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. या बायकांनी संमती दिली नसती तर ही माहिती आज कुणाकडेच नसती. इतक्या स्वस्त औषधासाठी एवढा मोठा अभ्यास कुठली कंपनी करणार होती?

लिम्फोमासाठीही मुंबईतूनच नवं काही आलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सरपेशी ओळखायला शिकवून परत चढवतात. ६४ रुग्णांवरच्या अभ्यासात सुमारे ७३ टक्क्यांत परिणाम दिसला. परदेशात अशा उपचाराला कोट्यवधी लागतात, इथेही लाखांचा हिशेब आहे. शिवाय पहिल्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या ठरावीक बी-पेशींच्या आजारांसाठीच तो आहे. शेजारच्या मुलाच्या घरी त्याची बातमी वाचून जमीन विकायची भाषा सुरू झाली, तेव्हा बहिणीने त्यांना आधी एवढंच विचारायला लावलं: याच्या आजाराचा प्रकार त्यात बसतो का? बसत नव्हता. त्याचा हॉजकिन होता, आणि त्याची नेहमीची केमो अजून पुरी व्हायची होती.

त्या केमोसाठीही त्याला परळ गाठावं लागलं नाही. टाटाची वाराणसीतली दोन केंद्रं २०१९ पासून चालू आहेत. स्टीलचा तो डबा बहिणीने त्याच्या घरच्यांना दिला, आत त्याच्या गाठीचा ब्लॉक, स्लाइड आणि आयएचसीचा रिपोर्ट घातला, आणि झाकणावर आतल्या प्रत्येक वस्तूची यादी हिंदीत लिहून चिकटवली.