हवा जाते कुठे? एअर रायफलच्या सिलिंडरचा हिशेब



अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच १० मीटर एअर रायफलचा वर्ग आपल्या शाळेत चालतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार महूच्या लष्करी केंद्रात सराव करत, आणि महू म्हणजे इंदूरकरांचे अंगणच. त्यामुळे मुलांच्या उत्साहाला तोटा नाही. ह्या लेखाचे निमित्त मात्र आनंदाचे नाही.

गेल्या विभागीय शालेय स्पर्धेत आपल्या दहावीच्या एका विद्यार्थिनीचे ६० पैकी पहिले ५० शॉट उत्तम गेले. शेवटचे १० हळूहळू खाली सरकले आणि दीड गुणाने तिची निवड हुकली. प्रशिक्षक म्हणाले, श्वास चुकला. आम्ही तर तिच्या वडिलांसमोर बोलून गेलो की ऐन वेळी मन विचलित झाले. ती खाली मान घालून उभी राहिली. चूक तिची नव्हती, हे तीन दिवसांनी कळले.

आधी रायफल समजून घेऊ. नळीखाली जो लांब सिलिंडर असतो, त्यात साधी हवाच असते, फक्त २०० बार दाबाने कोंबलेली. एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. (आमचे भौतिकशास्त्र हिंदीतून झाले, पण तिथेही शब्द 'दाब' हाच.) ही हवा थेट छर्ऱ्यामागे जात नाही. मध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरमध्ये २०० बार असोत की १००, आपल्या रायफलीत तो पुढे ८० बारच सोडतो, म्हणून प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने, सेकंदाला सुमारे १७२ मीटर, सुटतो. सिलिंडरचा दाब ८० च्या खाली गेला की रेग्युलेटर काय करणार? जेवढा दाब आहे तेवढाच पुढे जातो आणि वेग उतरू लागतो.

आता हिशेब. आपल्या सिलिंडरचे आकारमान १५० मिलिलिटर आहे. म्हणजे दाब १ बारने उतरला की साध्या दाबाची १५० मिलिलिटर हवा खर्च झाली. एका शॉटला सुमारे ६० मिलिलिटर लागते, म्हणून १ बारमध्ये अडीच शॉट. २०० पासून ८० पर्यंत १२० बार, म्हणजे ३०० शॉट. नववीच्या मुलांनी बॉइलच्या नियमाने हे पडताळून पाहावे.

स्पर्धेच्या सकाळी दाबमापकावर १२० बार होते. प्रशिक्षकांनी ८० वजा केले, ४० बारचे १०० शॉट होतात म्हणाले, आणि लागणार होते सरावाचे धरून ७५. हिशेब चोख होता. पण १२० का, हे कोणीच विचारले नाही. आम्हीही नाही.

ते विचारले आठवीच्या मुलाने, जो वर्गाची वही ठेवतो. मंगळवारी तो वही घेऊन आमच्या खोलीत आला. "सर, गुरुवारी भरून दोनशे लिहिलंय. शनिवारी सकाळी एकशेवीस. मधे शॉट एकशेदहाच झालेत." ११० शॉटना ४४ बार पुरतात. मापकावर १५६ असायला हवे होते. ३६ बार हवा एकही छर्रा न उडवता गेली होती.

कुठून गेली, हे शोधायला रायफल उघडावी लागत नाही. सिलिंडर भरून, थंड होऊ देऊन, आकडा लिहावा आणि रायफलीपासून सुटा करून रात्रभर ठेवावा. सकाळी आकडा उतरला, तर दोष सिलिंडरच्या झडपेत. न उतरला, तर तोच सिलिंडर रायफलीला लावून दोन तास थांबावे. आपला सिलिंडर सुटा असताना रात्रभर हलला नाही. लावल्यावर मात्र तासाला ९ बार उतरू लागला. जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावले तर बारीक बुडबुडे आले. तिथली रबराची ओ-रिंग, बांगडीपेक्षाही कितीतरी लहान, एका बाजूला चिरली होती.

मग शनिवारचे सारे उलगडले. नेमरेषेवर पावणेदोन तास सिलिंडर लावलेला होता, म्हणजे सुमारे १६ बार नुसते गळले. शॉटना ३० बार. बेरीज ४६, आणि हाताशी होते ४०. दाब ८० च्या खाली गेला तो जवळजवळ पन्नासाव्या शॉटला. शेवटी तो ७४ च्या आसपास आला असावा. तेवढ्याने वेग १६५ पर्यंत उतरतो आणि हवेचा विरोध सोडून दिला तरी छर्रा १० मीटरवर दीड मिलिमीटर खाली लागतो. लक्ष्यावर दोन वर्तुळांत अंतर अडीच मिलिमीटर असते. म्हणजे शेवटच्या शॉटला अर्ध्याहून अधिक गुण गेला, तोही तिचा हात स्थिर असताना.

ओ-रिंग चिरते कशाने? बहुधा धुळीच्या कणाने आणि आपल्याच ताकदीने. हवा अडवते ती रिंग, आवळणे नव्हे. हाताने टेकेपर्यंत फिरवले की पुरे. आमच्या मुलांनी पक्कड वापरली होती.

एक पालक मदतीच्या भावनेने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले. त्यांचे आभार मानून ती परत दिली. हे मात्र सर्वांनी नीट वाचावे: दाबाच्या हवेजवळ तेल कधीही नको. हवा एकदम दाबली गेली की तापते; डिझेल इंजिनात इंधन असेच पेटते. भरताना तोंडाशी तेल असेल तर तिथेही पेटू शकते. रिंगेला टाचणीच्या डोक्याएवढे सिलिकॉन ग्रीस पुरते. आणि ऑक्सिजन तर सिलिंडरमध्ये कोणत्याही कारणाने भरायचा नाही. रेग्युलेटर खोलणे हेही तंत्रज्ञाचेच काम.

दाब उतरला म्हणजे गळतीच, असेही नाही. घाईने भरलेला सिलिंडर गरम होतो. ४० अंशाला २०० दाखवणारा मापक २० अंशाला सुमारे १८७ दाखवेल, एक कणही हवा न जाता. म्हणून सावकाश भरावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा वाचावे. शिवाय सिलिंडरवरची तारीख पाहावी. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षे आहे. आपल्या दोनपैकी एकाची पुढील वर्षी संपते. विश्वस्तांकडे नव्या सिलिंडरची मागणी ह्याच आठवड्यात दिली आहे.

नवी रिंग बुधवारी बसली. वहीत आता 'भरल्यावर' आणि 'शॉट' यांच्याबरोबर 'असायला हवे' असा तिसरा रकाना आहे. गुरुवारी आम्ही त्या विद्यार्थिनीच्या घरी गेलो, वही तिच्या वडिलांपुढे ठेवली आणि आमचे शब्द मागे घेतले. तिने वही दोनदा वाचली आणि विचारले, "सर, मग उद्या सराव आहे ना?"