गाव की शहर? : वाढत्या लोकवस्तीचे नियोजन



मागील घटकात आपण शहरीकरणाची संकल्पना अभ्यासली. प्रस्तुत घटकात लहान नगरांची झपाट्याने होणारी वाढ व तिचे नियोजन यांचा विचार करावयाचा आहे.

विषय-विवेचन

भारतीय जनगणनेनुसार किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 व्यक्तींची घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती व्यवसायात, या तिन्ही अटी पूर्ण करणाऱ्या वस्तीस ‘जनगणना नगर’ म्हणतात. देशात अशी नगरे 2001 मध्ये 1,362 होती. 2011 मध्ये ती 3,894 झाली. तथापि, जनगणनेने नगर ठरविले म्हणून तेथे नगरपालिका येत नाही. कारभार बहुधा ग्रामपंचायतीकडेच राहतो. लोकजीवन शहरी आणि यंत्रणा ग्रामीण, ही विसंगतीच प्रश्नाचे मूळ होय.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. 8,000 वस्तीच्या गावाला दरडोई दररोज 55 लिटर या ग्रामीण मानकाने 4.4 लाख लिटर पाणी लागते. वस्ती 20,000 झाली आणि भुयारी गटारे असलेल्या शहराचे 135 लिटरचे मानक लावले, तर गरज 27 लाख लिटर होते. वस्ती अडीचपट, गरज मात्र सहापटीहून अधिक! शिवाय पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात गृहीत धरतात. म्हणजे रोज 21.6 लाख लिटर सांडपाण्याची व्यवस्था हवी. ती नसेल तर ते ओढ्यात व विहिरीत उतरते.

यावर उपाय म्हणून 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) ग्रामीणतेकडून नागरीतेकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद केली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास आराखडा तयार होतो. त्यात रस्ते, शाळा, उद्याने यांसाठी जागा आरक्षित होतात. हे आरक्षण घरे उभी राहण्यापूर्वी व्हावे लागते. नंतर तीच जागा मिळविणे खर्चिक व क्लेशदायक ठरते.

केवळ हद्दवाढ पुरेशी नाही. पुणे महानगरपालिकेत 2017 मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे समाविष्ट झाली. वाढलेला कर आणि अपुऱ्या सुविधा यांविषयी तेथे असंतोष राहिला. पुढे ती वगळून त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कर व सेवा यांचा मेळ बसला नाही, तर प्रशासकीय बदल लोकांना परका वाटतो, हे यावरून ध्यानात येते.

सारांश

वाढ रोखता येत नाही. तिला दिशा देता येते. त्यासाठी योग्य स्थानिक संस्था, वेळेवर आराखडा आणि पुरेसा निधी या तिन्ही बाबी एकत्र असाव्या लागतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. जनगणना नगराच्या तीन अटी सांगा.
2. आपल्या परिसरातील एका वाढत्या गावाची पाण्याची गरज वरील रीतीने काढा व त्याचा कारभार कोणती संस्था पाहते, ते लिहा.