मुलांचे रक्षण : कायदा आणि शेजार

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही बोधपर लिहावे, अशी आज्ञा झाली. समारंभाच्या अंकात गोड बोलावे अशी रीत आहे. तरीही आम्ही मुलांची हेळसांड आणि त्यांच्यावर होणारे अत्याचार हा कडू विषय मुद्दाम घेतला आहे. वर्गात रोज चाळीस-पन्नास मुलांचे चेहरे पाहणाऱ्या शिक्षकाला तो टाळता येत नाही, आणि मुलांसाठी झटणाऱ्या संस्थेलाही तो टाळता येऊ नये.

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून १८७५ साली गादीवर आलेल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १९०४ साली त्यांनी बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यात मुलीसाठी १२ आणि मुलासाठी १६ वर्षांची मर्यादा होती. आज ती फारच कमी वाटेल. पण त्या काळी तेवढेही पुष्कळांना रुचले नाही. कायदा झाल्यावरही कित्येक लोक दंड भरून लहान मुलांची लग्ने उरकीत राहिले. यावरून एक धडा घ्यावयाचा तो असा, की कायदा राज्यकर्ते करतात, पण मुलाचे रक्षण त्याच्या जवळची माणसे करतात. ती गप्प राहिली तर कायदा कागदावर राहतो.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतील मलावी देशाचे आहे. तेथे २०१५ साली विवाहाचे वय कायद्याने १८ करण्यात आले. परंतु खेड्यापाड्यांत लोक गावच्या प्रमुखांचा शब्द मानतात. देद्झा जिल्ह्यातील थेरेसा काचिंदामोटो या स्त्री-प्रमुखांनी आपल्या अमलाखालील आठशेंहून अधिक बालविवाह मोडले व मुलामुलींना पुन्हा शाळेत धाडले. ज्या गावप्रमुखांनी अशा लग्नांस संमती दिली होती, त्यांना त्यांनी पदावरून दूर केले. गरीब आणि शेतीवर जगणाऱ्या त्या मुलखात हे घडले, ते जवळच्या माणसांनी जबाबदारी घेतल्यामुळे.

आता विषयाकडे नीट पाहू या. मुलाला होणारा उपद्रव चार प्रकारचा असतो.

(१) हेळसांड : वेळेवर अन्न, औषध, शाळा व देखरेख न मिळणे. दाहोद आणि छोटा उदेपूरकडील मजूर कुटुंबे बांधकामासाठी बडोद्यास येतात. आईबाप कामावर गेले की सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. येथे दोष एकट्या आईबापांचा नसतो, गरिबीचाही असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले व १९५७ साली कोसबाडला नेले, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते. भावंडे सांभाळणारी व गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच पाड्यातील अंगणात आणि कुरणात नेली.

(२) मारहाण : ‘छडी लागे छमछम’ हे आपण कौतुकाने म्हणत आलो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे यांस बंदी आहे. घरातील माराचेही समर्थन होऊ शकत नाही. माराने मूल शिस्त शिकत नाही. ते लपविणे शिकते.

(३) मनाचा छळ : सतत पाणउतारा, तुलना आणि ‘घरातून घालवून देऊ’ अशी धमकी. याचा वळ अंगावर दिसत नाही, म्हणून तो कोणी मोजीत नाही.

(४) लैंगिक अत्याचार : केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा असा अनुभव सांगितला. त्यांत मुलगेही होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. तेव्हा ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ एवढी शिकवण पुरत नाही. काका, शिकवणीचे मास्तर किंवा शेजारचे भाईसाहेब, कोणीही असो, नकोसा स्पर्श झाला तर ‘नाही’ म्हणावे आणि घरी येऊन सांगावे, हे मुलाला साध्या शब्दांत शिकविले पाहिजे.

मूल नेहमी तोंडाने सांगत नाही. बोलके मूल एकाएकी गप्प होते. मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करते. एखाद्या माणसाकडे जाण्यास रडून नकार देते. अभ्यासात अकारण मागे पडते. यांपैकी एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण लक्ष अवश्य द्यावे.

मुलाने सांगितले तर काय करावे? प्रथम शांतपणे ऐकावे. ‘तू तिथे गेलासच का?’ असे विचारू नये. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही,’ असे म्हणावे. खोदून खोदून तेच पुन्हा वदवून घेऊ नये. नंतर १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो निःशुल्क असून रात्रंदिवस चालतो. जिल्ह्याची बालकल्याण समिती किंवा पोलीस यांच्याकडेही जाता येते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने ते कळविणे बंधनकारक आहे; न कळविणे हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलीस अधिकारी त्या वेळी गणवेशात नसावा, मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही आणि त्याचे नाव वर्तमानपत्रांत छापता येत नाही. अब्रूच्या भीतीने गप्प बसणाऱ्या कुटुंबांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

खरी अडचण या अब्रूच्या कल्पनेतच आहे. ‘घरची गोष्ट घरात राहू द्या, उद्या मुलीचे लग्न कसे होईल?’ असे वडीलधारे सांगतात. त्यामुळे अपराधी मोकळा राहतो आणि दुसऱ्या मुलाकडे वळतो. आमच्या घरांत मुलाला अमानत म्हणतात. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. तिचा हिशेब द्यावा लागतो. अब्रू जाते ती अत्याचार करणाऱ्याची, मुलाची नव्हे.

शेवटी ट्रस्टच्या सभासदांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या शिकवणीवर्गांत व कार्यक्रमांत कोणीही प्रौढ माणूस बंद दाराआड मुलाबरोबर एकटा राहू नये, असा नियम करावा. मुलांना जाऊन बोलता येईल अशा एका बाईंची व एका गृहस्थांची नावे फलकावर लावावीत. आणि तक्रार आपल्याच कार्यकर्त्याविरुद्ध आली, तर संस्थेचे नाव जपण्यासाठी ती दाबू नये. त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचवावी. विश्वामित्रीच्या पश्चिमेस आपले अकोटे आता खूप वाढले आहे, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. म्हणून जी ओळख पूर्वी आपोआप होती, ती आता संस्थेने जाणून-बुजून राखली पाहिजे. या महोत्सवी वर्षात एवढे काम झाले, तर पुढच्या पिढीवर त्याचे उपकार राहतील.