आकडा सांगा, मापनश्रेणीही सांगा
घरातील तापमापक : सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांची ओळख

बाळाचे अंग गरम लागते म्हणून आपण त्याच्या काखेत तापमापक, म्हणजेच थर्मामीटर, लावला. पडद्यावर ३९ हा आकडा उमटला. ताप म्हणजे शंभर, एकशे दोन असेच ऐकण्याची घराला सवय. मग कोणी म्हणते, "यंत्र बिघडले असावे." कोणी म्हणते, "शंभराच्या कितीतरी खाली आहे, काळजी नको." वस्तुतः ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२.२ अंश फॅरनहाइट. तापमापकाने खरे तेच सांगितले. आकड्यापुढील अक्षर मात्र कोणी पाहिले नाही. असा गैरसमज टळावा, यासाठी हे पत्रक.

दोन मापनश्रेणी कशा आल्या?

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७१४ मध्ये पाऱ्याचा भरवशाचा तापमापक तयार केला आणि १७२४ मध्ये आपली मापनश्रेणी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी त्यांनी शून्य मानली, बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६ अंश दिले. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ अंश ठरवून ही श्रेणी नेमकी करण्यात आली.

स्वीडनमधील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये पाणी गोठणे आणि उकळणे यांमधील अंतराचे शंभर भाग केले. त्यांच्या मूळ श्रेणीत उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर अंश होते. आजचा उलट क्रम त्यांच्या निधनानंतर रूढ झाला.

जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी घेऊन १८६८ मध्ये निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितले. त्याचेच रूपांतर म्हणजे आपल्या परिचयाचे ९८.६ अंश फॅरनहाइट. ही सरासरी आहे, सीमारेषा नव्हे. निरोगी शरीराचे तापमान पहाटे थोडे कमी आणि सायंकाळी थोडे अधिक असते. म्हणून ९८.८ दिसताच घाबरू नये.

आपल्या घरात दोन्ही

१९५६ च्या वजने व मापे यांविषयीच्या कायद्यानंतर भारतात दशमान पद्धत टप्प्याटप्प्याने रूढ झाली. हवामान आपण सेल्सिअसमध्ये ऐकू लागलो. अंगातील ताप मात्र फॅरनहाइटमध्येच राहिला. त्यामुळे ४० हा आकडा जबलपूरकरांना फसवू शकतो. मे महिन्यात, नौतपाच्या दिवसांत, हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट, होणे ही गंभीर बाब आहे.

तोंडी हिशेब

सेल्सिअसच्या आकड्याची दुप्पट करावी, त्यातून त्या दुपटीचा दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावे. उदाहरणार्थ, ४० ची दुप्पट ८०. त्यातून ८ वजा केल्यास ७२. त्यात ३२ मिळवल्यास १०४.

सेल्सिअस ३५.५ : फॅरनहाइट ९५.९
सेल्सिअस ३७ : फॅरनहाइट ९८.६
सेल्सिअस ३७.५ : फॅरनहाइट ९९.५
सेल्सिअस ३८ : फॅरनहाइट १००.४
सेल्सिअस ३९ : फॅरनहाइट १०२.२
सेल्सिअस ४० : फॅरनहाइट १०४

ताप मोजताना

१. काख कोरडी करावी, तापमापकाचे टोक त्वचेला नीट टेकवावे आणि सूचक आवाज होईपर्यंत हात अंगाशी धरावा.
२. तोंडात मोजायचे असल्यास चहा किंवा थंड पाणी घेतल्यानंतर पंधरा मिनिटे थांबावे. लहान मुलांचा ताप काखेतच मोजावा.
३. वेळ, आकडा, मापनश्रेणी आणि मोजण्याची जागा लिहून ठेवावी. काखेतील आकडा तोंडातील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो.
४. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास पाऱ्याला हात लावू नये, तो झाडूने लोटू नये. मुलांना दूर न्यावे व खिडक्या उघडाव्यात.

दवाखान्यात केव्हा जावे?

दोन महिन्यांखालील बाळ : काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) किंवा अधिक, अथवा ३५.५ अंश सेल्सिअस (९५.९ फॅरनहाइट) याहून कमी असल्यास त्याच दिवशी, विलंब न लावता जावे. बाळ गार पडणे हेही तापाइतकेच धोक्याचे लक्षण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी तपासणी करण्यास शिकवले. त्या कामातून स्फूर्ती घेतलेली गृहभेटींची पद्धत आता देशभर आहे. आशा कार्यकर्ती आपल्या घरी येऊन बाळाला तापमापक लावते, तो याचसाठी. तिने सांगितलेला आकडा जपून ठेवावा.

उन्हात काम करणारे : भेडाघाटचा संगमरवर कोरणारा कारागीर असो की बांधकामावरील मजूर, अंग तापून तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये. पॅरासिटामॉलने उष्माघात उतरत नाही. त्या गोळीची वाट पाहण्यात वेळ जातो.

इतर सर्व : ताप तीन दिवस टिकल्यास, अथवा झटके, धाप, मान ताठरणे, अंगावर लाल ठिपके किंवा लघवी कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तत्काळ जावे. थंडी वाजून ताप आल्यास रक्ताची मलेरिया तपासणी करून घ्यावी. आकडा ताप किती ते सांगतो. तो कशाने आला हे तपासणीच सांगते.

आज घरातील तापमापक हाती घ्यावा. पडद्यावर सेल्सिअसचे अक्षर दिसते की फॅरनहाइटचे, हे पाहून ते घरातील सर्वांना सांगावे. दवाखान्यात आल्यावर "ताप एकशे दोन, फॅरनहाइट, काखेत, रात्री नऊ वाजता" एवढे सांगितले, तरी आमचे निम्मे काम आपण केलेले असते.