कॉफीचा पेला का बिघडतो?

हिंगोली जिल्हा हा हळदीचा मुलूख होय. १९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात काढणीचा हंगाम आला, की गावोगावी ओली हळद शिजवण्याची लगबग सुरू होते. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले; त्यामागे ही हळद शिजवणाऱ्या हातांचे ज्ञानही आहे. हळद किती शिजवावी, हे येथील शेतकऱ्यास कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. कढईवर फेस येतो, विशिष्ट वास सुटतो, मग एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून पाहावयाची. काडी सहज आत गेली, की आच बंद. हळद कच्ची राहिली तर ठिसूळ होते, फार शिजली तर रंग जातो. इतका नेमकेपणा ज्याच्या अंगी आहे, तोच माणूस घरी आलेल्या पाहुण्यासाठी कॉफी करावयास बसला, म्हणजे मात्र पातेले चुलीवर चढवून निवांतपणे गप्पांत रमतो, असे पुष्कळदा दिसून येते!

यात नवल करण्यासारखे काही नाही. या भागात चहा घरोघरी आणि दिवसातून चार वेळा होतो. कॉफी क्वचित होते. जी गोष्ट हाताच्या सवयीची नसते, ती सवयीच्या गोष्टीप्रमाणेच करावी असे माणसास वाटते. म्हणून येथे कॉफी बहुधा चहासारखी उकळली जाते, आणि तिच्या बिघाडाचे पहिले कारण हेच आहे.

दिवाळीच्या सुटीत बंगळुरूहून घरी येणारा एखादा मुलगा तेथील दुकानातून ताजी दळलेली कॉफी आणतो. चार दिवसांनी घरी पाहुणे येतात. आई दूध, पाणी, साखर आणि दोन चमचे कॉफी एकत्र करून चांगली दहा-पंधरा मिनिटे उकळते. घरभर सुरेख वास दरवळतो. पण पेला ओठाला लावताच आजी म्हणते, "अगं सूनबाई, हा तर काडेचिराइताचा काढा झाला!" तळाशी चिखलासारखा गाळ बसलेला असतो. पाहुणे भिडेखातर अर्धा पेला पितात. उरलेले मोरीत जाते. मग निष्कर्ष निघतो, की मुलाने आणलेली कॉफीच वाईट होती. वस्तुतः कॉफी उत्तम होती. दोष तिचा नव्हता, आणि आईच्या कष्टांतही कसूर नव्हती. कोठे काय घडले, हे पाहिले पाहिजे.

त्या पुडीमागे किती श्रम असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. कॉफीचे झाड मूळचे आफ्रिकेतील इथिओपिया देशातले. तेथून ते येमेनमध्ये गेले आणि मोखा या बंदरातून कॉफी जगभर जाऊ लागली. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज भारतातील सर्वांत अधिक कॉफी कर्नाटकात, म्हणजे कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड डोंगरावर कॉफीची झाडे आहेत. फळ पिकले की लाल होते, आणि चांगल्या कॉफीसाठी ते हाताने वेचून तोडावे लागते. सुमारे पाच ते सहा किलो फळांतून एक किलो कच्चे बी मिळते. भाजताना त्याचेही वजन घटते. म्हणजे दोनशे ग्रॅमची पुडी भरावयाची, तर मजुराने किलोभराहून अधिक फळे एकेक करून खुडलेली असतात. ती मोरीत ओतण्यासाठी नव्हेत.

आता पेल्याकडे वळू. भाजलेल्या कॉफीत पाण्यात विरघळणारे पदार्थ असंख्य असतात. पण ते सारे एकाच वेळी विरघळत नाहीत. प्रथम आंबूस आणि सुगंधी द्रव्ये उतरतात, त्यामागून गोडसर चव येते आणि सर्वांच्या शेवटी कडू व तुरट द्रव्ये पाण्यात येतात. थोडक्या वेळात गाळली, तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते. फार वेळ ठेवली, तर कडवटपणा वर येतो. हळदीच्या कढईप्रमाणे येथेही एक नेमकी वेळ आहे. ती गाठणे हीच खरी कला होय.

पाणी खळखळ उकळत असताना दुसरे नुकसान होते. सुगंध हवेत उडून जातो. ज्या वासाने आईला वाटले की कॉफी छान जमली आहे, तो वास पेल्यातून निघून गेलेला होता! स्वयंपाकघर जितके घमघमते, तितका पेला रिता होत असतो. म्हणून पाण्यास उकळी आली, की भांडे खाली उतरवून अर्धा मिनिट थांबावे आणि मग ते पाणी कॉफीवर ओतावे. ९० ते ९६ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी याकरिता योग्य मानतात. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांच्या सुमारे दीड अंश आधीच उकळते. त्यामुळे येथे फार वेळ थांबण्याचे कारण नाही.

यापेक्षाही मोठा गैरसमज कडकपणाविषयी आहे. कॉफी कडक हवी असेल, तर ती अधिक वेळ उकळावी, असे पुष्कळांना वाटते. पूड वाचावी म्हणून एकच चमचा घालतात आणि तिच्यातून चार पेल्यांचा कस काढू पाहतात. परंतु कडक आणि कडू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कडकपणा पुडीच्या प्रमाणाने येतो, कडूपणा वेळ लांबवल्याने येतो. दीडशे मिलिलिटर पाण्याला दहा ग्रॅमच्या आसपास पूड हे साधे प्रमाण आहे. दूध घालावयाचे असेल, तर पाणी कमी घेऊन अर्क दाट करावा. पूड कमी आणि उकळणे अधिक, असे केल्याने बचत होत नाही. शेवटी तो कडूपणा झाकण्यासाठी साखरेचा डबा रिकामा होतो, तो हिशेब कोणी करीत नाही.

पुडीची जातही ओळखावयास हवी. दुकानात दोन प्रकारची कॉफी मिळते. एक भाजून दळलेली. हिचा अर्क काढून चोथा गाळावा लागतो. दुसरी झटपट कॉफी. हिचा अर्क कारखान्यातच काढून वाळवलेला असतो, म्हणून ती गरम दुधात वा पाण्यात तत्काळ विरघळते आणि मागे काहीच उरत नाही. पहिलीला दुसरी समजून दुधात ढवळली, की तळाशी चिखल बसतो. दुसरीला पहिली समजून उकळत ठेवली, तर उरलासुरला सुगंधही जातो. दोन्हींच्या पुड्या सारख्याच दिसत असल्याने पाकिटावरचा मजकूर वाचल्याशिवाय डबा उघडू नये. त्याच मजकुरात चिकोरीचे प्रमाणही छापलेले असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ होय. ते कॉफीत मिसळल्याने रंग गडद येतो आणि दाटपणा वाढतो. मात्र तिच्यात कॅफीन मुळीच नसते. चिकोरी ही भेसळच, असे कोणी म्हणतात. ते बरोबर नाही. प्रमाण सांगून मिसळली, तर ती आवडीची बाब आहे. न सांगता मिसळली, तरच ती फसवणूक.

काही घरांत भाजलेले बी आणून मिक्सरमध्ये दळतात. मिक्सरच्या पात्यांनी काही भाग पिठासारखा होतो, तर काही भाग रव्याहून जाड राहतो. पिठातून कडूपणा झपाट्याने उतरतो, जाड कण आत कच्चेच राहतात, आणि एकाच पेल्यात कडू व आंबट या दोन्ही तक्रारी एकत्र नांदतात. त्याच भांड्यात सकाळी लसणाची चटणी वाटलेली असली, तर काय होईल हे सांगावयास नको!

वास धरणे हा कॉफीचा स्वभावच आहे. हळदीच्या मुलखात ही गोष्ट विशेष महत्त्वाची. येथील घरांत कॉफीची पुडी रबर गुंडाळून मसाल्याच्या फळीवर, हळद, जिरे आणि हिंगाच्या शेजारी ठेवण्याचा प्रघात आहे. आठवड्याभरात तिला त्या साऱ्यांचा संसर्ग होतो. शीतकपाटात ठेवावी, तर तेथे भाज्यांचा वास आणि ओल. हवा लागल्याने दळलेल्या पुडीचा सुगंध दिवसेंदिवस घटत जातो, म्हणून ती थोडी थोडी आणावी आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात, उजेड व आच यांपासून दूर ठेवावी.

पाण्याचा दोष मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून निघणारे कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर साचतो, तो याचाच पुरावा. असल्या पाण्यातील क्षार कॉफीतील आंबूस द्रव्यांना निष्प्रभ करतात आणि पेला बेचव होतो. उलट, खनिजे जवळजवळ पूर्ण काढून टाकलेले जारचे पाणीही कॉफीस मानवत नाही. ज्या गावात पिण्यास गोड लागणारी विहीर आहे, त्या गावाने कॉफीपुरती तरी तिची आठवण ठेवावी.

दूध आणि पूड एकत्र उकळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु पाणी जितक्या सहज कॉफीचा अर्क ओढून घेते, तितके दूध घेत नाही. म्हणून अर्क आधी पाण्यात काढावा आणि गरम दूध मागाहून मिसळावे. दक्षिणेतील घरांत यासाठी पितळेची किंवा स्टीलची दुमजली गाळणी असते. वरच्या छिद्रांच्या भांड्यात पूड भरून गरम पाणी ओतले, की अर्क थेंबाथेंबाने खाली उतरतो. पूड फार दाबली तर पाणी अडते, सैल ठेवली तर पाणी नुसतेच वाहून जाते. गाळणी नसेल, तर झाकणाच्या भांड्यातही काम भागते. पुडीवर गरम पाणी ओतावे, झाकून चार मिनिटे ठेवावे, आणि स्वच्छ धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या फडक्यातून गाळावे.

मराठी घरांत कॉफीत जायफळ वा वेलदोडा घालतात. याला चूक म्हणणाऱ्यांची संख्या हल्ली वाढली आहे. त्यांच्याकडे फारसे लक्ष देऊ नये. जायफळाने कॉफीला एक निराळीच ऊब येते. फक्त ते अगदी शेवटी, चिमूटभर किसून घालावे. उकळले तर त्याचाही सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

हे सारे खरे की खोटे, ते घरीच पाहता येते. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तीन सारख्या भांड्यांत सारखीच पूड घ्यावी आणि सारखेच गरम पाणी ओतून झाकण ठेवावे. पहिले भांडे एका मिनिटाने गाळावे, दुसरे चार मिनिटांनी, तिसरे पंधरा मिनिटांनी. मग दूधसाखर न घालता प्रत्येकातील अर्धा चमचा चाखावा. याहून अधिक घेऊ नये, कारण कॅफीन झोप उडवते आणि मुलांच्या शरीरास ते मोठ्यांपेक्षा लवकर बाधते. रात्री अभ्यासासाठी म्हणून कॉफी पिणाऱ्या मुलाची दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याच्या आईला विचारावी.

गाळून उरलेला चोथा फेकून देण्याचे कारण नाही. तो उकिरड्यावरील शेणखतात मिसळला, तर काही महिन्यांत कुजून त्याचे खत होते आणि पावसाळ्याच्या तोंडी ते हळदीच्या वाफ्यात टाकता येते.