उठलं की डोकं ठणकतं

ऑगस्ट १८९८, जर्मनीतलं कील शहर. कमरेतून कोकेन सोडलं की पाय बधिर होतात, हे सर्जन ऑगस्ट बिअर यांना स्वतःवरच तपासायचं होतं. पण सिरिंज सुईला बसेना आणि मणक्यातलं बरंच पाणी गळून गेलं. मग सुई सहाय्यक हिल्डेब्रांटच्या पाठीत गेली. नडगीवर हातोडा हाणला तरी त्याला दुखेना! रात्री वाइन आणि सिगारनं यश साजरं झालं. पुढे बिअरना मात्र अंथरूण धरावं लागलं. उभं राहिलं की डोकं ठणके, आडवं पडलं की थांबे. नऊ दिवसांनी त्यातून सुटले. गळलेल्या पाण्यावरचा आपला संशयही त्यांनी लिहून ठेवला, आणि तो खरा निघाला.

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोलीच्या खानदेशी घरांत सिझेरियन म्हटलं की ‘कमरेतलं इंजेक्शन’ आलंच. पुढच्या सगळ्या कंबरदुखीचं खापर त्याच्यावर फुटतं. बिअरनी सोसली तशी डोकेदुखी मात्र जागरणाच्या नावावर जाते आणि बाम चोळला जातो. ती बहुधा पहिल्या पाच दिवसांत सुरू होते. तोवर सुट्टी मिळालेली असते. कधी बाळंतीण ताप्ती लाइनच्या गाडीनं अमळनेरला, माहेरीही निघालेली असते.

सुईच्या छिद्रातून पाणी झिरपतं, उभं राहिल्यावर मेंदू किंचित खाली ओढला जातो. बहुतेकींचं हे दुखणं दोनेक आठवड्यांत जातं. फारच झालं तर भूलतज्ज्ञ रुग्णाचंच थोडं रक्त कमरेत सोडून छिद्र बुजवतात.

घोर लागावा तो दुखण्याचा स्वभाव बदलला तर. आडवं पडूनही डोकं थांबत नाही, एकाचे दोन दिसतात, झटका येतो, हात किंवा पाय लुळा पडतो, गुंगी येते किंवा तापासह मान आखडते, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. क्वचित मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं असतं, नाहीतर शिरेत गुठळी. बाळंतपणानंतर गुठळीचा धोका तसाही वाढलेला असतो. त्यात बाळंतिणीला पाणी तोडायची आपली जुनी खोड!

सुट्टीच्या कागदावर भुलीचा प्रकार आणि तारीख लिहून घ्यावी. शिरेतली गुठळी साध्या सीटीत कधी कधी दिसत नाही, शिरांची वेगळी तपासणी लागते. अमळनेरच्या डॉक्टरांना तो कागद पाहूनच ती सुचेल.