जुना गटापर्चा काढताना

बाय, पेशंट ‘डॉक्टरांनू, हीच दाढ परत दुखता’ म्हणाला की लगेच फाईल उचलू नको. आधी दोन कोनांतून एक्स-रे काढ. जुनं फिलिंग आखूड आहे की मुळाबाहेर गेलंय, एखादा कॅनाल राहिलाय का, ते बघ. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा दुसरा कॅनाल असतो आणि तोच सुटलेला असतो. तो शोधला नाहीस तर गटापर्चा कितीही साफ काढ, पेशंट परत येणारच.

तारीखही बघून दे. चतुर्थीला आलेल्या चाकरमान्याची दाढ विसर्जनाच्या आदल्या दिवशी उघडू नको. सूज आली तर बिचारा गाडीत हैराण होईल. दुखणं आवर आणि एक्स-रे देऊन त्याला मुंबईच्या डॉक्टरकडे पाठव. दर्यावर जाणाऱ्यांना जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोलाव, म्हणजे पुढच्या खेपा चुकत नाहीत.

रबर डॅम लावल्याशिवाय सुरुवात नाही. कोन सैल वाटला तर आधी कोरडाच काढायचा. एच फाईल त्याच्या बाजूने अलगद फिरवत रुतव आणि सरळ वर ओढ. अख्खा निघाला तर सोन्याहून पिवळं. घट्ट असेल तर वरचा तिसरा भाग गेट्स ड्रिलने किंवा रिट्रीटमेंट फाईलने मोकळा कर. प्रोटेपरच्या संचात तीन फाईली असतात: डी-1 16 मिलिमीटरची, डी-2 18 आणि डी-3 22. डी-1चं टोक कापतं, त्यामुळे ती वरच्या सरळ भागापुरतीच. वळणात नेलीस तर भलतीच वाट पडेल.

वर खळगा झाला की त्यात क्लोरोफॉर्मचे एक-दोन थेंब सोड. मिनिटभर थांब, मग टोक किंचित वाकवलेली 15 नंबरची के फाईल घाल. डॅमवर थेंब सांडू देऊ नको, रबर विरघळतं. निलगिरीच्या तेलाला वेळ जास्त लागतो, पण बंद एसीच्या खोलीत मला तेच बरं वाटतं.

शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हातानेच. तिथे द्रावण ओतून फाईल दाबलीस की मऊ झालेला माल मुळाबाहेर जातो आणि रात्री तुझा फोन वाजतो.

फाईल स्वच्छ आली म्हणजे कॅनाल साफ झाला असं नव्हे. खोबरं खोवल्यावरही करवंटीला थोडं राहतंच, तसा भिंतीला लेप राहतो. माल बहुतेक निघाल्यावर थोडा क्लोरोफॉर्म भरून पेपर पॉइंटने टिपत राहा, गुलाबी रंग लागायचा थांबेपर्यंत. मग भरपूर हायपो, पुन्हा एक्स-रे, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून पुढची तारीख.

म्हाताऱ्या पेशंटच्या दातात अजून कधीतरी चांदीचा पॉइंट सापडतो. त्याचं डोकं ड्रिलने उडवू नको, धरायला तेवढंच असतं. अल्ट्रासॉनिकचं टोक भोवतीच्या सिमेंटला लाव, चांदीला नको, ती लगेच झिजते. मोकळा झाला की बारीक चिमट्याने ओढ.

आत तुटलेली फाईल खोल असेल आणि तुझ्याकडे मायक्रोस्कोप नसेल, तर हट्ट करू नको. बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज फार लांब नाही. चिठ्ठीत कुठल्या मुळात, किती नंबरची फाईल तुटली ते लिही, आणि सगळे एक्स-रे सोबत दे.